कवकांची सामू-संवेदना : परिसरातील आम्लता आणि जनुकीय प्रतिसाद

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर कवकशास्त्र शिकवताना एक विधान आपण सर्वच जण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत : जीवाणूंना उदासीन माध्यम मानवते, कवकांना आम्लधर्मी. विधान चुकीचे नाही. बटाटा-डेक्स्ट्रोज आगर असो वा सॅबुरो यांचे माध्यम, दोहोंचा सामू ५.६ च्या आसपास ठेवण्याची प्रथा आहे. जीवाणूंचा उपद्रव टाळायचा असेल तर टार्टारिक आम्ल घालून तो ३.५ पर्यंतही खाली आणला जातो. परंतु या विधानामुळे विद्यार्थ्यांच्या मनात सामू म्हणजे तापमानासारखी एक बाह्य 'अट' आहे आणि ती अनुकूल असली की कवक वाढते, प्रतिकूल असली की खुंटते, अशी समजूत दृढ होते. गेल्या साठ वर्षांतील संशोधनाने या समजुतीला मोठा छेद दिला आहे. कवक सामू केवळ सोसत नाही, तर तो ओळखते आणि त्यानुसार कोणती जनुके व्यक्त करायची हे ठरवते. त्याच्या दृष्टीने परिसराचा सामू ही एक माहिती असते.

ही माहिती पेशीपटलापासून केंद्रकापर्यंत कशी पोहोचते आणि हा मार्ग संशोधकांना कसा उलगडला, हे प्रस्तुत लेखात प्रामुख्याने 'ॲस्परजिलस निडुलन्स' या कवकाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाच्या उत्तरार्धात या ज्ञानाचा वैद्यक, वनस्पतिरोगशास्त्र आणि आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळा यांच्याशी असलेला संबंध तपासला आहे. त्यातील शेवटचा भाग प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या एका चुकीशी निगडित आहे.

समस्येचे स्वरूप

ॲस्परजिलस निडुलन्स हे मातीत आढळणारे कवक सुमारे २.५ ते १०.५ एवढ्या विस्तृत सामू-कक्षेत वाढू शकते. सामूचे माप घातांकीय असल्यामुळे या आकड्यांमागील अंतर चटकन लक्षात येत नाही. सामू ४ आणि सामू ८ यांत हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा हजार पटींचा फरक असतो. २.५ ते १०.५ या कक्षेत तो दहा कोटी पटींचा होतो.

पेशीच्या आतील द्रवाचा सामू मात्र कवक मोठ्या प्रयासाने जवळजवळ स्थिर राखते. पेशीपटलातील प्रोटॉन-पंप हे काम अहोरात्र करीत असतात. त्यामुळे पेशीच्या आत काम करणारी विकरे बाहेरच्या चढउतारापासून बरीचशी सुरक्षित राहतात. खरी अडचण पेशीबाहेरच्या घटकांची असते. कवक आपले अन्न शरीराबाहेर पचवते आणि मग शोषून घेते. बाहेर सोडलेली प्रथिनविघटक विकरे, फॉस्फेटेजे, पेशीपटलातील वाहक प्रथिने, पेशीभित्तिका घडवणारी विकरे आणि प्रतिजैविकांसारखी बाहेर टाकली जाणारी द्रव्ये या सर्वांना बाहेरच्या सामूतच काम करावे लागते. सामू ८ असताना आम्लात चालणारे फॉस्फेटेज तयार करणे म्हणजे ऊर्जेचा निव्वळ अपव्यय होय. म्हणूनच कवकांकडे एकाच कामासाठी अनेकदा दोन विकरे असतात, एक आम्लधर्मी परिसरासाठी आणि दुसरे अल्कधर्मी परिसरासाठी. कोणत्या वेळी कोणते तयार करायचे, याचा निर्णय जनुकीय पातळीवर होतो.

उत्परिवर्तकांची साक्ष

या निर्णययंत्रणेचा पहिला धागा १९६५ साली गॉर्डन डॉर्न यांच्या हाती लागला. ते सामूचा शोध घेतच नव्हते. त्यांचा विषय फॉस्फेटेज विकरांचे जनुकशास्त्र हा होता. वसाहतींवर रंजनक्रिया करून, ज्यांच्यात अल्कधर्मी फॉस्फेटेजचा अभाव आहे आणि ज्यांच्यात आम्लधर्मी फॉस्फेटेजचा अभाव आहे, असे उत्परिवर्तक त्यांनी वेगळे काढले. पहिल्या गटातील जनुकांना 'पाल' आणि दुसऱ्या गटातील जनुकांना 'पॅक' अशी नावे मिळाली. ही नावे फॉस्फेटेजच्या इंग्रजी संज्ञांची संक्षिप्त रूपे आहेत. आज ही जनुके सामू-नियमनाची जनुके म्हणून जगभर ओळखली जातात, पण त्यांच्या नावांत सामूचा उल्लेखही नाही.

पुढील पायरी वीस वर्षांनी आली. १९८६ मध्ये कॅडिक, ब्राउनली आणि आर्स्ट यांनी या उत्परिवर्तकांकडे नव्या दृष्टीने पाहिले. पाल जनुकात बिघाड झालेल्या कवकात केवळ अल्कधर्मी फॉस्फेटेजच कमी होत नाही, तर आम्लधर्मी परिसरात व्यक्त होणाऱ्या इतर गोष्टीही वाढतात, असे त्यांच्या लक्षात आले. माध्यमाचा प्रत्यक्ष सामू काहीही असो, हे कवक आपण आम्लात आहोत असे समजून वागते. याउलट पॅक-सी या जनुकातील काही विशिष्ट उत्परिवर्तनांमुळे कवक आम्लधर्मी माध्यमातही आपण अल्कधर्मी माध्यमात असल्यासारखे वागते. कोणतेही प्रथिन वेगळे न करता, कोणताही डीएनए-क्रम न वाचता, केवळ दोन प्रकारच्या 'गैरसमजां'वरून या संशोधकांनी एका संपूर्ण नियामक मार्गाचे अनुमान केले.

यातील तर्क पदव्युत्तर वर्गात सावकाश शिकवण्याजोगा आहे. पाल जनुकातील बिघाड आणि पॅक-सी मधील 'अल्कता-भासी' उत्परिवर्तन एकाच कवकात एकत्र आणले, तर ते कवक अल्कधर्मी परिसरात असल्यासारखे वागते. म्हणजे पॅक-सी चा परिणाम पालच्या परिणामावर मात करतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की पाल जनुकांचे कार्य मार्गात आधी घडते आणि पॅक-सी चे नंतर. पाल जनुके निरोप पोहोचवतात आणि पॅक-सी तो अमलात आणते. निरोप्या नसला तरी हुकूम आधीच निघालेला असेल तर काम होतेच. पाठ्यपुस्तकांत अशा जनुकीय वरचढपणाची व्याख्या दोन ओळींत दिलेली असते. त्याचे सामर्थ्य दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पॅक-सी प्रथिन : दोन वेळा कापला जाणारा नियामक

१९९५ मध्ये टिलबर्न, पेनाल्वा, आर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅक-सी जनुकाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हे जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा वाहते त्यात तीन 'झिंक फिंगर' असतात, म्हणजे जस्ताच्या अणूभोवती दुमडलेले बोटांसारखे भाग. या भागांच्या साहाय्याने हे प्रथिन डीएनएवरील ठरावीक सहा अक्षरांचा क्रम ओळखून तेथे चिकटते. ते एकाच वेळी दोन कामे करते. अल्कधर्मी परिसरात लागणाऱ्या जनुकांना ते चालना देते आणि आम्लधर्मी परिसरात लागणाऱ्या जनुकांना रोखते. कवकाला दोन स्वतंत्र नियामकांची गरज भासत नाही.

मग आम्लधर्मी परिसरात हे प्रथिन गप्प का बसते? पॅक-सी हे सुमारे ७२ किलोडाल्टन वस्तुमानाचे पूर्ण प्रथिन म्हणून तयार होते आणि त्या रूपात ते जणू स्वतःलाच मिठी मारून बसलेले असते. त्याचे शेपटाकडील भाग इतर भागांशी जोडले गेल्यामुळे रचना बंदिस्त राहते. परिसर अल्कधर्मी झाला की ते दोन टप्प्यांत कापले जाते. पहिल्या कापानंतर ५३ किलोडाल्टनचा तुकडा उरतो. या कापाने मिठी सुटते. दुसरा काप प्रोटिएझोम ही पेशीतील प्रथिनविघटक यंत्रणा करते आणि २७ किलोडाल्टनचे क्रियाशील रूप तयार होते. सामूचा निरोप लागतो तो पहिल्या कापासाठी. दुसरा त्याच्या मागोमाग आपोआप होतो. प्रोटिएझोम सामान्यतः प्रथिनांचा पूर्ण चुराडा करते. येथे मात्र ते मध्येच थांबते आणि उपयुक्त तुकडा शिल्लक ठेवते.

अल्कता-भासी उत्परिवर्तनांचे कोडेही यातून सुटले. त्या उत्परिवर्तनांत प्रथिनाचा शेपटाकडील भाग मुळातच तुटलेला असतो. मिठी मारायला हातच नसल्यामुळे ते निरोपाविना कापले जाते.

निरोपाचा मार्ग

पाल मालिकेत सहा जनुके आहेत : ए, बी, सी, एफ, एच आणि आय. यांतील पाल-एच हे पेशीपटलाला सात वेळा छेदून जाणारे प्रथिन असून तेच सामूचे संवेदक मानले जाते. पाल-आय त्याला पटलावर योग्य जागी पोहोचण्यास मदत करते. पाल-एच च्या आतल्या बाजूच्या शेपटाशी पाल-एफ जोडलेले असते. २००५ मध्ये एरान्स व सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की पाल-एफ हे प्राण्यांतील अरेस्टिन प्रथिनांशी नाते सांगते आणि परिसर अल्कधर्मी झाला की त्याच्यावर फॉस्फेट व युबिक्विटिन यांची खूण उमटते. आपल्या डोळ्यांतील प्रकाशसंवेदी यंत्रणेत जे प्रथिनकुल काम करते, त्याचेच एक दूरचे भावंड बुरशीला आम्ल-अल्काची जाण देते.

यापुढे पेशीतील एक जुनीच यंत्रणा कामाला लागते. पटलावरील प्रथिने आत ओढून त्यांची विल्हेवाट लावणारी 'एस्कॉर्ट' नावाची प्रथिनसंकुले सर्व दृश्यकेंद्रकी पेशींत असतात. पाल-सी आणि पाल-ए ही दोन्ही प्रथिने या संकुलातील एका घटकाशी जोडली जातात. पाल-ए दुसऱ्या बाजूने पॅक-सी ला धरते, नेमके पहिला काप जेथे व्हायचा त्या जागेच्या दोन्ही अंगांना. अखेरीस पाल-बी हे कॅल्पेन कुलातील प्रथिनविघटक विकर काप घेते. ही सर्व जुळणी पेशीच्या आतील एंडोसोम या पुटिकांवर होते असे आरंभी मानले जात होते. पुढे जिवंत पेशींच्या सूक्ष्मदर्शी निरीक्षणांवरून ती पेशीपटलालगतच होते, या मताला बळकटी मिळाली.

पाल-एच ला अल्कता नेमकी 'कळते' कशी, हा या क्षेत्रातील सर्वात अवघड प्रश्न आहे. यीस्टमधील समकक्ष प्रथिन रिम२१ याच्यावरील जपानी संशोधकांच्या अभ्यासातून असे दिसले की त्याचा आतील बाजूचा शेपटाचा भाग सामान्य स्थितीत पटलाला चिकटलेला असतो आणि पटलाच्या स्थितीत बदल झाला की सुटतो. म्हणजे संवेदक थेट प्रोटॉन मोजत नसून पटलावर होणारा परिणाम टिपत असावा.

यीस्टमध्ये हाच मार्ग 'रिम' या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या टोकाला पॅक-सी ऐवजी रिम१०१ हे प्रथिन असते. ते एकदाच कापले जाते. शिवाय यीस्टमध्ये ते मुख्यत्वे दडपशाहीचे काम करते. इतर जनुकांना दडपणाऱ्या प्रथिनाचे जनुक ते दडपते आणि त्यामुळे अल्कधर्मी परिसरात लागणारी जनुके मोकळी होतात. क्रिप्टोकॉकस या रोगकारक कवकात तर मार्गाचा खालचा भाग तोच असून पटलावरील संवेदक मात्र स्वतंत्र घडणीचा असल्याचे २०१५ मध्ये आढळले.

पेनिसिलिनचा धडा

१९५४ साली पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यामुळे पेनिसिलिन हा महाराष्ट्रातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. ग्लुकोज मुबलक असेल तर पेनिसिलिन कमी मिळते, हे आपण शिकवतो. याचे स्पष्टीकरण दीर्घकाळ केवळ कार्बन-स्रोताच्या अंगाने दिले जात असे. १९९३ मध्ये एस्पेसो व सहकाऱ्यांनी ॲस्परजिलस निडुलन्समध्ये असे सिद्ध केले की पेनिसिलिनच्या संश्लेषणातील एका कळीच्या विकराचे जनुक अल्कधर्मी सामूला जोमाने व्यक्त होते आणि हा परिणाम शर्करेमुळे होणाऱ्या दडपणावर मात करू शकतो. पॅक-सी मध्ये अल्कता-भासी उत्परिवर्तन असेल तर साखर असूनही जनुक चालू राहते. पुढे १९९६ मध्ये पेनिसिलियम क्रायसोजेनम या औद्योगिक कवकातही पॅक-सी चे कार्य दाखवण्यात आले. शर्करा खाताना कवक आम्ले बाहेर टाकते आणि माध्यमाचा सामू घसरतो. तेव्हा शर्करेचा परिणाम किती आणि सामूचा किती, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. मला या संशोधनातील सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते आणि तिच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

रोग आणि सामू

कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्टसदृश कवक मानवी शरीरातील अगदी भिन्न सामूंच्या जागी राहू शकते. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो, तर योनिमार्गाचा ४.५ च्या आसपास. या कवकात पेशीभित्तिका घडवणाऱ्या विकरांची दोन जनुके आहेत, पीएचआर१ आणि पीएचआर२. पहिले सामू ५.५ च्या वर व्यक्त होते, दुसरे त्याखाली. १९९८ मध्ये डी बर्नार्डिस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आणि निर्णायक आहे. पीएचआर१ काढून टाकलेले कवक प्राण्यांच्या रक्तावाटे पसरणाऱ्या संसर्गात निष्प्रभ ठरले, पण योनिमार्गात रोग घडवू शकले. पीएचआर२ काढलेल्या कवकाचे नेमके उलट झाले. रोगकारकता हा कवकाच्या अंगी कायमचा जडलेला गुण नसून, जागेचा सामू आणि त्या सामूला साजेसे जनुक यांच्या जुळणीतून ती घडते, हे या प्रयोगाने दाखवले.

भारतात गेल्या दशकभरात नायट्याच्या चिवट संसर्गाने त्वचारोगतज्ज्ञांना जेरीस आणले आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो. त्वचेतील केराटिन पचवताना हे कवक अमोनिया मुक्त करते, परिसर अल्कधर्मी करते आणि मग अल्कधर्मी सामूला उत्तम चालणारी प्रथिनविघटक विकरे तेथे कामास येतात. ट्रायकोफायटॉन रुब्रम या नायट्याच्या कवकात पॅक-सी निष्क्रिय केल्यास केराटिन-विघटन आणि नखावरील वाढ दोन्ही घटतात, असे २००६ मध्ये नोंदले गेले.

वनस्पतींच्या रोगांतही कवक परिसर बदलून घेते, मात्र सगळ्यांची दिशा एक नसते. फळांवर करपा पाडणारी कोलेटोट्रायकम वंशातील कवके अमोनिया सोडून फळाचा गर अल्कधर्मी करतात. ॲव्होकॅडोवरील अभ्यासात, सामू वाढल्यानंतरच पेक्टिन विघटित करणारे विकर पुरेसे स्रवते, असे आढळले. कोकणातील आंब्यावरचा करपाही याच वंशातील कवकांमुळे होतो. याउलट स्क्लेरोटिनिया हे कवक ऑक्झॅलिक आम्ल सोडून ऊती आम्लधर्मी करते आणि सफरचंदावरील पेनिसिलियम एक्स्पान्सम ग्लुकॉनिक आम्ल सोडते. टोमॅटोवर मर रोग आणणाऱ्या फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमची तऱ्हा आणखी निराळी. वनस्पतींमध्ये मुळाभोवतीचा सामू वाढवणारे एक छोटे पेप्टाइड असते. हे कवक त्याची नक्कल स्वतःच तयार करून सोडते, असे २०१६ मध्ये उघड झाले. 'कवकांना आम्ल मानवते' हे आपले वर्गातील वाक्य येथे किती तोकडे पडते, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या प्रयोगशाळेतील प्रश्न

प्रस्तुत लेखकाने एम.फिल. पदवीसाठी मातीतून मिळवलेल्या एका ॲस्परजिलसवर काम केले होते. वेगवेगळ्या नायट्रोजन-स्रोतांचा प्रथिनविघटक विकराच्या उत्पादनावर होणारा परिणाम, असा विषय होता. सर्व चंचुपात्रांतील माध्यमाचा सामू आरंभी काटेकोरपणे ६.० केला होता. सात दिवसांनी विकराचे मापन केले. अमोनियम सल्फेट असलेल्या माध्यमात विकर जवळजवळ नव्हते, सोडियम नायट्रेटच्या माध्यमात भरपूर होते. 'अमोनियममुळे विकराचे उत्पादन दडपले जाते' असा निष्कर्ष प्रबंधिकेत लिहिला आणि तो मान्यही झाला. अखेरचा सामू किती होता, हे कोणी विचारले नाही. मलाही सुचले नाही.

काही वर्षांनी पॅक-सी वरील लेख वाचताना ही उणीव खटकली, म्हणून तोच प्रयोग पुन्हा केला. सातव्या दिवशी अमोनियम सल्फेटच्या माध्यमाचा सामू ३ च्या खाली गेला होता आणि नायट्रेटचा ७ च्या वर. यात नवल नाही. अमोनियम आयन आत घेताना कवक प्रोटॉन बाहेर टाकते, नायट्रेट घेताना प्रोटॉन खर्च होतात. अल्कधर्मी प्रथिनविघटक विकराचे जनुक आम्लात बंद राहणारच. अमोनियममुळे होणारे स्वतंत्र दडपणही कवकांत खरोखर अस्तित्वात आहे, त्यामुळे माझा निष्कर्ष सर्वस्वी खोटा होता असेही म्हणता येत नाही. पण माझ्या प्रयोगातून तो सिद्ध होत नव्हता. दोन कारणे एकाच पात्रात मिसळली होती आणि मी त्यांतील एकाचेच नाव लिहिले होते.

विकरांच्या उत्पादनासाठी 'इष्टतम' कार्बन-स्रोत, 'इष्टतम' नायट्रोजन-स्रोत शोधणारे प्रकल्प आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी होतात. त्यांचे अहवाल चाळताना आरंभीचा सामू सर्वत्र सापडतो, अखेरचा क्वचितच. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही. कार्यपद्धती आपणच लिहून देतो.

उपाय खर्चिक नाहीत. रोज एका पात्रातील माध्यम गाळून सामू मोजणे कोणत्याही विभागाला शक्य आहे. फॉस्फेटसारखे प्रतिरोधक द्रावण वापरून सामू स्थिर ठेवलेले माध्यम आणि साधे माध्यम यांची तुलना केली, तर दोन्ही परिणाम बरेचसे वेगळे करता येतात. मात्र सिट्रेटचे द्रावण जपून वापरावे, कारण काही कवके सिट्रेटच अन्न म्हणून संपवतात आणि सामू पुन्हा हलतो. आगरयुक्त माध्यम आम्लधर्मी करायचे असेल तर आम्ल निर्जंतुकीकरणानंतर, माध्यम थोडे निवल्यावर घालावे. आधी घातल्यास उष्णतेने आगराचे विघटन होते आणि थाळ्या गोठतच नाहीत.

प्रात्यक्षिकासाठी आम्ही ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक घातलेल्या थाळ्या वापरतो. सामू ५.२ च्या खाली तो पिवळा असतो, ६.८ च्या वर जांभळा. एकाच कवकाचे बीजाणू एका थाळीत अमोनियम सल्फेटवर आणि दुसरीत सोडियम नायट्रेटवर पेरले की तीन-चार दिवसांत वसाहतींभोवतीचे रंग वेगळे होऊ लागतात. त्या दिवशी फळ्यावर पॅक-सी ची आकृती काढली, तर ती विद्यार्थ्यांना समजावून सांगायला फारसा वेळ लागत नाही.